शुल्क भरलं, तरी कन्सेंट रिन्यूअल का अडतं?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची (कन्सेंटची, म्हणजे कारखाना चालवण्याच्या परवानगीची) मुदत चार महिन्यांनी संपते. सांडपाणी स्वतःच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत जातं, गाळ वर्षातून एकदा रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट सुविधेकडे जातो. सल्लागार म्हणतो, "पाच वर्षांचं शुल्क एकदम भरून टाका, बाकीचं होऊन जाईल." शुल्क कशावर ठरतं, किती मुदतीचं भरावं, आणि बाकीचं खरंच होऊन जातं का?

होऊन जात नाही. शुल्क हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. ऑनलाइन पैसे भरले की पावती पाच मिनिटांत हातात येते. फाइल अडते ती आकड्यांवर. पाण्याचं बिल एक सांगतं, ईटीपीची वही दुसरं आणि गाळाचे मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची कागदपत्रं, तिसरंच.

आधी शुल्क. संमतीचं शुल्क तुम्ही किती सांडपाणी सोडता यावर ठरत नाही. ते भांडवली गुंतवणुकीच्या टप्प्यावर ठरतं, आणि जितक्या वर्षांची संमती मागाल तितक्या वर्षांनी त्याला गुणायचं. गुंतवणूक म्हणजे जमीन, इमारत, यंत्रसामग्री यांची मूळ किंमत, म्हणजे ग्रॉस ब्लॉक. घसारा वजा करायचा नाही. इथेच दर दुसऱ्या अर्जात घोळ होतो. अकाउंटंट ताळेबंदातला नेट ब्लॉक (घसारा वजा जाता उरलेली किंमत) उचलतो आणि सीए तोच आकडा गुंतवणुकीच्या सर्टिफिकेटवर सही करून देतो. समजा, मागच्या संमतीपत्रात गुंतवणूक 1.80 कोटी छापलेली आहे. आज तुमचा ग्रॉस ब्लॉक 2.65 कोटी आहे आणि घसारा जाऊन उरलेला आकडा 1.10 कोटी. सर्टिफिकेटवर 1.10 गेलं की समोरचा अधिकारी पहिलाच प्रश्न विचारतो: पाच वर्षांत कारखाना लहान कसा झाला? त्याचं उत्तर, नवं सर्टिफिकेट, फरकाचं शुल्क या सगळ्यात महिना सहज जातो. नवी बॅरल लाइन, जनरेटर, स्क्रबर, खुद्द ईटीपीची यंत्रं, सगळं त्या आकड्यात यायला हवं. सर्टिफिकेटची तारीख आणि सोबत जोडलेल्या ताळेबंदाचं वर्षही एकच ठेवा.

उत्पादन आणि प्रदूषणाचा भार वाढलेला नसेल आणि गुंतवणूक मागच्या आकड्यापेक्षा 10 टक्क्यांच्या आतच वाढली असेल, तर स्वयंघोषणेवर आपोआप नूतनीकरण मिळण्याची सोय आहे. वरच्या उदाहरणात वाढ 47 टक्के आहे, म्हणजे तो रस्ता बंद. काही जण त्या सोयीसाठी आकडा दाबून बसवतात. पुढे कर्जासाठी बँकेला दिलेला ताळेबंद आणि मंडळाला दिलेला आकडा शेजारी ठेवले जातात तेव्हा ती बचत महागात पडते.

किती वर्षांचं भरावं? प्लेटिंग लाल, म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी उद्योगांच्या वर्गात येतं. येत्या दोन वर्षांत लाइन वाढवायची नसेल तर लांब मुदत घ्या, कारण दर खेपेला कागदपत्रांचा खर्च आणि मनस्ताप तोच असतो. पण सहा महिन्यांत ऑटोमॅटिक लाइन येणार असेल तर आत्ता मोठी रक्कम गुंतवण्यात फार अर्थ नाही. विस्ताराची संमती वेगळी घ्यावी लागेल आणि वाढलेल्या गुंतवणुकीवर फरक भरावाच लागेल. जास्तीचं शुल्क भरलं गेलं असेल तर ते पुढच्या नूतनीकरणात धरलं जातं. मात्र संमतीपत्रात तसं वाक्य छापून आलंय का ते बघून घ्या. नाहीतर पाच वर्षांनी त्या पावतीची आठवण कोणालाच नसते.

अजूनही एखाद्या कोटेशनमध्ये "वॉटर सेस" अशी ओळ दिसते. 1977 च्या कायद्याखालचा हा पाणी उपकर जीएसटी आला तेव्हा, 1 जुलै 2017 पासून, रद्द झाला. त्याआधीची थकबाकी असेल तर वेगळी गोष्ट, चालू काळासाठी ती ओळ खोडून टाका.

आता वेळेचं. संमतीपत्राच्या अटींमध्ये मुदत संपण्याआधी 60 दिवस अर्ज करा असं लिहिलेलं असतं. घातक कचऱ्याच्या अधिकृततेसाठी (तुमच्या गाळासारखा कचरा साठवण्या-पाठवण्याच्या परवानगीसाठी) तीन महिने आधी अर्ज करायचा असतो. मंडळाचं पत्र एकत्र असतं, म्हणून लांबची मुदत धरायची. तुमच्याकडे चार महिने आहेत, म्हणजे हातात खरा वेळ एकच महिना. पाणी कायद्याच्या कलम 25 मध्ये चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं मानलं जाण्याची तरतूद आहे. तिच्या भरवशावर राहू नका. अर्ज अपुरा म्हणून त्रुटी निघाली की वाद सुरू होतो, आणि तसंही ती तरतूद पाण्याच्या संमतीची आहे, घातक कचऱ्याच्या अधिकृततेची नाही.

या महिन्यात काय करायचं? पहिल्यांदा एमआयडीसीच्या पाण्याची बारा बिलं काढा. समजा, महिन्याला सरासरी 546 घनमीटर येतं आणि कारखाना 26 दिवस चालतो. म्हणजे दिवसाला 21 घनमीटर. संमतीपत्रात घरगुती 3 आणि औद्योगिक 12, असं मिळून 15 लिहिलेलं आहे. उरलेलं 6 कुठे जातं? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: जमिनीखालची टाकी झिरपते, फ्लोट व्हॉल्व्ह अडकून रात्रभर पाणी वाहतं, रिन्सच्या (माल धुण्याच्या) टाकीचा नळ जेवणाच्या सुट्टीतही चालू राहतो. पण कागदावर त्याचा अर्थ एकच निघतो, की 6 घनमीटर सांडपाणी ईटीपीला वळसा घालून नाल्यात जातं. अंबड-सातपूरचं पावसाळी पाणी नंदिनीला, म्हणजे जुन्या नासर्डीला, आणि तिथून गोदावरीला मिळतं. सिंहस्थ तोंडावर असताना त्या नाल्यावर कोणाचं लक्ष नसेल असं समजू नका. गळती असेल तर दुरुस्त करा आणि दुरुस्तीचं बिल जपून ठेवा. वापर खरोखरच वाढला असेल तर अर्जात तो वाढवून मागा. आकडा लपवण्यापेक्षा मागणं नेहमी स्वस्त पडतं.

संमतीपत्रात पाणी आरओ करून पूर्ण पुनर्वापर करण्याची अट असेल तर रिजेक्टचा, म्हणजे आरओतून उरणाऱ्या खारट पाण्याचा हिशेब तयार ठेवा. दिवसाला 10 घनमीटर फीड आणि 65 टक्के रिकव्हरी धरली तर 3.5 घनमीटर रिजेक्ट उरतं. अनेकांच्या कागदावर ते "सोलर इव्हॅपोरेशन पॅन"मध्ये सुकतं. दिवसाला सरासरी 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरा, म्हणजे एका चौरस मीटरमागे 5 लिटर. 3,500 लिटरला 700 चौरस मीटरचा पॅन लागेल, आणि जुलैत नाशिकच्या पावसात तो सुकण्याऐवजी भरेल. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर हा पॅन दाखवला की तपासणीला आलेला फील्ड ऑफिसर फक्त छताकडे बघतो. बाष्पीभवन यंत्र लावा किंवा सामाईक सुविधेशी करार करा. यंत्रातून निघणारं मीठ पुन्हा घातक कचराच, घातक कचरा नियमांच्या यादीतला प्रवर्ग 37.3, तेही यादीत हवं.

ईटीपीची वही आता. वहीत रोज 10 घनमीटर शुद्ध केलं असं लिहिलंय. ईटीपीला वेगळं वीजमीटर लावायची अट असते, ते मीटर काय म्हणतं? फीड पंप 0.75 किलोवॅट आणि दोन ढवळणी मिळून 0.74, सहा तास चालले तर 9 युनिट. फिल्टर प्रेसचा 1.5 किलोवॅटचा पंप दोन तास, 3 युनिट. दिवसाला 12, महिन्याला 312. मीटर 40 युनिट दाखवत असेल तर वही कितीही सुबक अक्षरात लिहिली असली तरी तिला कोणी विचारत नाही.

रसायनांचंही तसंच. पॅसिव्हेशनच्या (प्लेटिंगवर गंजरोधक थर देण्याच्या) रिन्समध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. सगळ्या सांडपाण्यात मिळून ते लिटरला 20 मिलिग्रॅम धरलं तर 10 घनमीटरमध्ये दिवसाला 200 ग्रॅम. त्याचं क्षपण करायला, म्हणजे ते कमी विषारी रूपात आणायला, सोडियम मेटाबायसल्फाइट हिशेबाने क्रोमियमच्या पावणेतीन पट लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणजे दिवसाला साधारण पाऊण किलो, महिन्याला वीस किलोच्या आसपास. सहा महिन्यांत 25 किलोची एकच पिशवी विकत घेतल्याचं बिल असेल तर प्रश्न येणारच. पिशवी उघडी ठेवू नका, पावसाळ्यात दमट हवेत हे रसायन मरतं आणि ऑपरेटर वजन बरोबर घालूनही काम होत नाही.

नमुना नापास होण्याचं नेहमीचं कारण मात्र पीएच. क्षपण पीएच 2 ते 2.5 ला झटपट होतं, 5-6 ला रेंगाळतं. आम्ल वाचवायचं म्हणून ऑपरेटर तसंच सल्फाइट ओततो, रंग पिवळटच राहतो, मग आणखी ओततो. शेवटी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर जातं, आणि शिवाय उरलेल्या सल्फाइटने सीओडी (पाणी ऑक्सिजन किती खातं त्याचा निकष) फुगतो. एका चुकीने दोन निकष नापास. पिवळा जाऊन स्वच्छ हिरवट रंग आला की मगच चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच 8.5 ते 9 वर न्या. अतिउत्साहात 10.5 च्या वर नेलंत तर बसलेलं झिंक पुन्हा विरघळतं. झिंकची मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे, ती या एका चुकीने ओलांडली जाते. सायनाइड बाथ (प्लेटिंगच्या रसायनाची टाकी) असेल तर ती लाइन पूर्ण वेगळी ठेवा. सायनाइडचं पाणी आम्लाच्या टाकीत गेलं तर विषारी वायू निघतो, तिथे संमतीचा नाही, माणसांच्या जिवाचा प्रश्न येतो.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून अर्जाआधीच स्वतःचा नमुना तपासून घ्या. मंडळाचा जेव्हीएस, म्हणजे संयुक्त दक्षता नमुना, नापास झाल्यावर कळण्यापेक्षा हे बरं. आणि नमुना लाइन भरात असताना घ्या, रविवारच्या सफाईनंतरच्या टाकीतला नको.

गाळाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते फाइल सगळ्यात जास्त इथेच अडते. म्हणून हा हिशेब पूर्ण मांडतो. दिवसाला 10 घनमीटर सांडपाणी. त्यात झिंक 60 मिलिग्रॅम, क्रोमियम 20, पिकलिंगच्या (आम्लाने गंज काढण्याच्या) रिन्समधून येणारं लोह 150, सगळं लिटरमागे. धातू वजनात झाले 0.6, 0.2 आणि 1.5 किलो. पण ते हायड्रॉक्साइड होऊन बसतात, तेव्हा झिंकचे 0.9 किलो, क्रोमियमचे 0.4 आणि लोहाचे 2.9, म्हणजे साधारण 4.2 किलो कोरडा गाळ. चुना वापरत असाल तर न विरघळलेली चुनखडी आणि खर मिळून आणखी 3 किलो धरा. झाले 7.2. फिल्टर प्रेसच्या केकमध्ये, म्हणजे दाबून निघालेल्या ओलसर गाळात, घन भाग 30 टक्के असतो, म्हणजे प्रत्यक्ष वजन दिवसाला 24 किलो. 300 दिवसांचे 7.2 टन. तोच केक शेडमध्ये नीट वाळवून घन भाग 60 टक्क्यांवर आणला तर 3.6 टन. विल्हेवाट सुविधा वजनावर पैसे घेते, तेव्हा अर्धा खर्च तुम्ही पाण्याच्या वाहतुकीवर करता.

आता तुमच्या संमतीपत्रात 35.3 या प्रवर्गासमोर, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या रासायनिक गाळासमोर, काय लिहिलंय ते बघा. "2 टन प्रतिवर्ष" असेल आणि मॅनिफेस्ट 600 किलोचं असेल, तर दोन्ही आकडे तुमच्याविरुद्ध बोलतात. 600 किलो म्हणजे ईटीपी चालत नाही किंवा गाळ दुसरीकडे जातो, तिसरा अर्थ कोणी लावत नाही.

जुनं पिकलिंग आम्ल टाकून देता तेव्हाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. लिटरला 80 ग्रॅम लोह असलेलं 500 लिटर आम्ल ईटीपीत सोडलं तर 40 किलो लोह आलं. त्याचा कोरडा गाळ 76 किलो, केक 255 किलो. महिन्याला एकदा असं केलंत तर वर्षाला आणखी तीन टन. शिवाय त्या दिवशी चुना पुरत नाही आणि क्लॅरिफायरवरून (गाळ बसवायच्या टाकीवरून) तांबडं पाणी वाहतं. हे आम्ल प्रवर्ग 12.2 खाली वेगळं दाखवून अधिकृत पुनर्वापरकर्त्याला देता आलं तर बघा. नाही जमलं तर वेगळ्या टाकीत साठवून रोज 20 लिटर असं थेंबाथेंबाने सोडा. गाळ तेवढाच होईल, पण ईटीपी मोडणार नाही.

बाथच्या तळाचा चिखल 12.8 मध्ये जातो, ईटीपीच्या गाळात मिसळू नका. वापरलेलं तेल 5.1, रसायनांचे रिकामे ड्रम आणि कॅन 33.1. हे ड्रम अंबड लिंक रोडवरच्या भंगारवाल्याला रोखीने विकायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. खरेदीच्या बिलांवर वर्षाला 120 ड्रम दिसतात आणि वार्षिक विवरणात शून्य. धुऊन पुरवठादारालाच परत देण्याचा करार हा त्यातला सोपा मार्ग, फक्त परतीची पावती हवी.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट जाता जाता आली आहे, गाळ वर्षातून एकदा जातो ही. 2016 च्या घातक व इतर कचरा नियमांत साठवणुकीची मर्यादा 90 दिवस आहे. छोट्या कारखान्याची अडचण खरी असते, 400 किलोसाठी गाडी रांजणगावहून अंबडला येत नाही आणि आली तर भाडं परवडत नाही. यासाठीच वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा होणाऱ्यांना 180 दिवसांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद नियम 8 मध्ये आहे. पण ती आपोआप मिळत नाही, 90 दिवस उलटण्याआधी लेखी मागावी लागते. आणि वरचा हिशेब पुन्हा बघा: 7.2 टन अधिक आम्लाचे 3 टन, म्हणजे दहा ओलांडले. गाळ वाळवलात तरच ही सवलत तुमच्या वाट्याला येते. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एकाच फेरीची गाडी ठरवणं चालतं, मॅनिफेस्ट मात्र प्रत्येकाचं वेगळं आणि वजनही वेगळं.

मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म 10, त्याच्या रंगीत प्रती. पिवळी तुमच्याकडे राहते, निळी माल पोचल्यावर सुविधेकडून तुमच्याकडे परत येते. निळी प्रत नसेल तर गाळ गेटबाहेर पडला एवढंच सिद्ध होतं, पोचला हे नाही. गेल्या पाच वर्षांच्या निळ्या प्रती एका फाइलमध्ये लावा. जी सापडत नसेल तिची आत्ताच मागणी करा, कारण जुनी नोंद शोधायला त्यांनाही वेळ लागतो.

घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण फॉर्म 4 दर वर्षी 30 जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरण फॉर्म 5 दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत जातं. दोन्ही एकाच आर्थिक वर्षाची असतात आणि दोन वेगळी माणसं भरतात, तिथे गडबड होते. एकात 3.6 टन, दुसऱ्यात 3,600 टन असंही घडतं, कारण एकात किलो आणि दुसऱ्यात टन मागितलेले असतात. पाचही वर्षांची विवरणं मॅनिफेस्टच्या बेरजेशी ताडून बघा. चूक सापडली तर दुरुस्तीचं पत्र अर्जाआधीच द्या.

मुदत उलटू दिली तर काय? मधल्या काळाचं शुल्क सुटत नाहीच. घातक कचऱ्याचे नियम 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत, आणि 1 एप्रिल 2024 पासून त्या कायद्याखालचा दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत आहे. त्याशिवाय केंद्रीय मंडळाच्या सूत्राने पर्यावरण भरपाई लावली जाते. लाल वर्गाचा निर्देशांक 80, दर 250 रुपये, लघुउद्योगाचा गुणक 0.5 आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या नाशिकसारख्या शहराचा 1.25. गुणाकार केला तर दिवसाला 12,500 रुपये, तीस दिवसांचे पावणेचार लाख. संमतीचं शुल्क या आकड्यापुढे किरकोळ वाटायला लागतं.

अर्ज अपलोड केल्यावर तपासणीची वाट बघत बसू नका. सातपूरच्या उद्योग भवनातून फील्ड ऑफिसर येईल तेव्हा गाळाची शेड छप्पर असलेली, जमीन पाणी न झिरपणारी, कडेला बांध आणि पिशव्यांवर फॉर्म 8 चं लेबल असायला हवं. लेबलवर तारीख घाला, 90 दिवस त्यावरूनच मोजले जातात. ईटीपी चालवणारा माणूस त्या दिवशी हजर हवा, आणि पीएच मीटर बफरने तपासून ठेवलेलं हवं. मीटर 7 च्या बफरमध्ये 8.3 दाखवत असेल तर वहीतली वर्षाची सगळी नोंद निकाली निघते.

संमतीपत्र हातात आलं की ते पूर्ण वाचा, विशेषतः परिशिष्टं. टंकनात चुका होतात: 12 घनमीटरचे 1.2, टनांचे किलो, प्रवर्ग 35.3 चा 33.5. दुरुस्ती लगेच मागितली तर ती किरकोळ असते, दोन वर्षांनी मागितली तर विस्तार समजला जातो. अटी पाळण्याची हमी म्हणून मंडळ मागतं ती नवी बँक गॅरंटी ठरलेल्या दिवसांत द्यावी लागते आणि ती संमतीच्या मुदतीनंतरही काही महिने वैध असावी लागते. बँक बहुधा नेमक्या शेवटच्या तारखेपर्यंतच काढून देते, तेव्हा अर्जावर तारीख स्वतः लिहा. जुनी गॅरंटी मात्र आपोआप सुटत नाही. अटी पाळल्याचे पुरावे जोडून ती परत मागावी लागते, तोपर्यंत तुमचा मार्जिन मनी बँकेत अडकून राहतो.